अर्धा उघडा कोपरा

ऑफिसात तिला सगळे प्रोफेसरबाई म्हणत. आधी कॉलेजात ती फ्रेंच तत्त्वज्ञान शिकवायची. इच्छा म्हणजे मनातली उणीव नव्हे, तो अखंड चालणारा कारखाना आहे आणि भांडवल त्याला बरोब्बर कामाला जुंपतं, असं ती पोटतिडकीने सांगे आणि मुलं जांभया देत. एका जाहिरात कंपनीच्या साहेबांनी मात्र कान टवकारले आणि तिला उचललंच. तेव्हापासून एका फर्निचरच्या दुकानाची गिऱ्हाइकं कंपनीतल्या कोचावर आडवी होत, ती उशाशी बसून त्यांच्या मनातलं काढून घेई आणि काही दिवसांनी तेच दुकानात मांडलेलं दिसे.

आता तिला याचा वीट आला होता. राजीनामा द्यायचा, बस्स.

पण कंपनीची रीत अशी, की जाणाऱ्यानेही त्याच कोचावर पडून का जातो ते सांगायचं.

"पाठदुखी सांगा आणि सुटा," रिसेप्शनवाली म्हणाली. "सगळे तेच सांगतात."

हिने ऐकलं असतं तर ना! कोचावर खोटं बोलायचं नाही, हे हिनेच गिऱ्हाइकांना शिकवलेलं. पाठ टेकली मात्र, सगळं भडाभडा बाहेर आलं.

"मला काही नकोय हो. फक्त एक कोपरा हवाय. तुला काय हवंय, असं तिथे कुणी विचारायला नको."

उशाशी बसलेल्या साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

"कोपरा पूर्ण बंद, की अर्धा उघडा?"

गिऱ्हाइकांना ती विचारायची तसलाच हा प्रश्न, हे तिला उमगलं. पण तोवर तोंडून निघून गेलं होतं, "अर्धा."

"मग एवढं कोपऱ्याचं काम संपवूनच जा बाई. तुमचंच आहे ते," साहेब म्हणाले. आणि ही वेडी मनातून सुखावली, थांबली.

एका संध्याकाळी ती घरी आली तर हॉलमध्ये तीच खुर्ची, तिच्या कोपऱ्याची. उंच पाठीची, वरून झाकण ओढून घ्यायची.

"जाहिरात बघितली आणि म्हटलं, ही तर हिच्यासाठीच केलीय!" नवऱ्याचा आनंद गगनात मावेना. "अगं, बस तरी!"

ती बसली. झाकण ओढलं. टीव्ही, फोन, नवऱ्याची बडबड, सगळं लांब गेलं. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. रडूच फुटलं.

नवरा घाबरून डोकावला. "काय झालं गं? सांग ना, काय हवंय तुला?"

तिने झाकण आणखी खाली ओढलं. ते अर्ध्यावरच अडलं. तिनेच तसं सांगितलं होतं.