या मालक, आज काय शोधायचं?

मी एक जुना संगणक आहे, आणि मधले काही महिने माझ्यात मी एकटा नव्हतो. तेच सांगायला आज तोंड उघडतो आहे. मित्रांनो, घाबरू नका. घाबरायचं ते सगळं मी आणि आमच्या काकूंनी आधीच घाबरून घेतलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. कोणीतरी स्क्रू पिळले, कोणीतरी मागे चिकटपट्टी लावली, आणि मी खोक्यात गेलो. खोकं उघडलं ते थेट एका उतारवयाच्या जोडप्याच्या बाहेरच्या खोलीत. शेजारपाजारचे त्यांना काका-काकू म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. खिडकीखालचं टेबल मला मिळालं. टेबलावर आणि टेबलाखाली सगळीकडे लोकरीचे गुंडे होते. त्यातला एक कित्येक वर्षं माझ्या पंख्याच्या जाळीला तंतू चिकटवत राहिला. मी कधी तक्रार केली नाही, नुसता घरघरलो.

काका-काकू विणकामाचे नमुने तयार करत. स्वेटरवर हरणं किंवा पानांची नक्षी यायची असेल, तर कोणता टाका कोणत्या रंगाचा हे आधी चौकटींमध्ये रंगवून ठेवावं लागतं. काकू सुयांवर विणून बघायच्या आणि काका तो नमुना माझ्या पडद्यावर एकेक चौकट रंगवून भरायचे. मग लोकरीच्या दुकानातल्या ताई तो छापून गिऱ्हाइकांना द्यायच्या. खोलीत दिवसभर दोघांचं असंच चालायचं.

"अगं, हरणाचा हा पाय जाड वाटतो का?"

"पाय नीट आहे. तुमचा चष्मा पुसा."

काका मला फार जपायचे. फडक्याने माझा पडदा पुसताना ते तोंडाने हळूच फुंकर घालत. मात्र त्यांना एक खोड होती. फुकटचं काही दिसलं की ते माझ्यात उतरवून घ्यायचे, आणि समोरची खिडकी काही विचारू लागली की वाचायच्या आधीच 'पुढे' हे बटण दाबून मोकळे व्हायचे. काकू म्हणायच्या, "अहो, वाचा तरी काय लिहिलंय." काका म्हणायचे, "ते वाचत बसलो तर हरणाला शिंगं कधी फुटायची?"

अशाच एका दुपारी त्यांनी चौकटी आखून देणारं काहीतरी फुकटात मिळवलं. चौकटी तर आल्याच, पण त्यांच्या पाठीला लागून एक टूलबारही आला. ब्राउझरमध्ये पत्ता लिहायच्या जागेखाली एक भडक पट्टी पसरली. तिच्यात हसणारा चेहरा होता, हवामान होतं आणि शोधायचा स्वतःचा वेगळा चौकोन होता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? काका गालात हसले आणि त्यांनी लिहिलं, 'मालक'.

"ऐकलंस का? या घरात मला मालक म्हणणारं कोणीतरी आलंय."

"म्हणू दे," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "भांडी घासायला तोही येणार नाही."

तेव्हापासून काका रोज सकाळी ब्राउझर उघडायचे आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचं, 'या मालक, आज काय शोधायचं?' काका खुशीत खुर्ची पुढे ओढायचे. टूलबारने माझा वेग खाल्ला, भलत्याच जाहिराती आणल्या, मला दम लागू लागला. पण काका खूश होते, म्हणून मीही चालवून घेतलं.

मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून काका दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. मला कोणी काही सांगितलं नाही. लोक येत होते, हळू आवाजात बोलत होते, त्यावरून मला कळलं. टेबलावर त्यांचा चष्मा उघडाच पडला होता. काकूंनी तो घडी करून खणात ठेवला आणि माझ्यावर विणलेलं एक जाड आवरण घातलं. त्या आवरणाखाली मी बरेच दिवस अंधारात बसून होतो.

आवरण निघालं ते दुकानातल्या ताई येऊन गेल्यावर. ताई वाईट नव्हत्या. चहा घेताना त्या चाचरतच म्हणाल्या, "काकू, थंडीचे नमुने आता लागतील हो. तुम्हाला जमणार असेल तर मी थांबते. नसेल तर तसं सांगा, म्हणजे मला दुसरीकडे बघता येईल."

"जमेल," काकू म्हणाल्या.

ताई गेल्यावर त्या खूप वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चौकटी भरणं त्यांना येत होतं. सगळ्या नमुन्यांचं डोकं त्यांचंच होतं, काका फक्त बोटं चालवायचे. पण ती खुर्ची काकांची होती. शेवटी काकू तिच्या अगदी कडेवर टेकल्या. नव्या लोकरीचे रंग बघायला त्यांनी ब्राउझर उघडला, आणि पडद्यावर उमटलं,

'या मालक, आज काय शोधायचं?'

काकू ताडकन उठल्या. हात तोंडावर गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तोंड माझं होतं, शब्द माझे नव्हते. मला सांगायचं होतं की काकू, हे काही काका नाहीत, ही एक पट्टी आहे, तिला काही कळत नाही. पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेच. या वेळी त्या उठल्या नाहीत. पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "ते नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्या चिडल्या. "सांगितलं ना एकदा, ते नाहीत म्हणून!" शेजारच्या खोलीत ऐकायला कोणीही नव्हतं. नंतर नंतर तर त्या माझं बटण दाबायच्या, ते शब्द वाचायच्या आणि मला बंद करून जायच्या. नमुना एक चौकटही पुढे सरकत नव्हता. मला तर वेगळीच भीती वाटू लागली होती. ही बाई मला हाक ऐकायला सुरू करते की काय?

एकदा त्यांनी टूलबारच्या चौकोनात लिहिलं, 'ते गेले.' त्याला सांगितलं की तो थांबेल, असं त्यांना वाटलं असावं. पट्टीने क्षणभर विचार केला आणि माझा पडदा जाहिरातींनी भरून टाकला. 'ते गेले शोधताय? ते गेले, आता निम्म्या किमतीत! ते गेले, घरपोच!'

काकूंनी भिंतीतला प्लग ओढून काढला.

रविवारी मुलगी आली. ती परगावी नोकरी करते आणि सुट्टीला आईकडे येते. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, भूतबीत काही नसतं. नको असलेला टूलबार आहे. दहा मिनिटांचं काम." तिने बाह्या सरसावल्या. फोनवर बघून बघून तिने तो आधी प्रोग्रॅमच्या यादीतून काढला, मग ब्राउझरमध्ये जाऊन तिथली त्याची जोडणी काढली, मग सुरुवातीचं पान बदललं. भडक पट्टी नाहीशी झाली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मुलगी हात झटकत उठली, दोघी जेवल्या आणि झोपल्या.

सकाळी मुलीने स्वतः मला सुरू केलं. तिच्या हातात चहाचा कप होता. पट्टी नव्हती, हसणारा चेहरा नव्हता. कोऱ्या पांढऱ्या पानावर नुसती अक्षरं होती.

'या मालक, आज काय शोधायचं?'

कप टेबलावर ठेवताना तिच्याकडून थोडा चहा लोकरीवर सांडला. भूतबीत नसतं म्हणणारी ती मुलगी लहान पोरीसारखी म्हणाली, "बाबा?"

दाराशी काकू उभ्या होत्या. "तू पण?" त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. काका गेल्यापासून त्या दोघी एकत्र रडल्याचं मी प्रथमच पाहिलं. मग मुलीने डोळे पुसले. "आई, याला भंगारात देऊया. माझ्याकडे चल. नमुनेबिमुने पुरे झाले."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझा पंखा फिरायचा थांबला, असं मला वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ताईंना मी जमेल म्हणाले आहे. कोणाला तरी बोलव."

दुरुस्तीवाले आले ते बोलतच आले. गरगरीत पोट, धापा टाकणं माझ्यापेक्षा जास्त. त्यांनी आधी माझ्या जाळीतली लोकर काढली आणि हसून म्हणाले, "अहो मावशी, याच्या आत एक हातमोजा निघेल!" मग ब्राउझरच्या चित्रावर जाऊन त्यांनी त्याची माहिती उघडली आणि जीभ टाळ्याला लावून च्यक केलं.

"हे बघा. शेपूट राहिलंय. हे चित्र दाबलं की ब्राउझर उघडतो, बरोबर? पण त्याच्या पत्त्याच्या मागे त्या लबाडाने आपला पत्ता चिकटवून ठेवलाय. तुम्ही घरातून किती का हाकला, दारावरची पाटी त्याचीच."

मुलगी म्हणाली, "मग ते पुसा ना."

"पुसतो. पण रोज सकाळी ते पुन्हा चिकटवणारं एक कामही याने लावून ठेवलंय. आधी त्याला झोपवू." त्यांनी ते काम काढलं, शेपूट कापलं, मला बंद करून पुन्हा सुरू केलं. सगळे श्वास रोखून बघत होते. मीही.

पान कोरं आलं. पण कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, अजूनही 'मालक' होतं.

दुरुस्तीवाल्यांचं हसू मावळलं. हे काही नुसतं यंत्राचं काम नाही, हे त्यांना आता कळलं असावं. ते सावकाश बोलू लागले. "मावशी, हे सगळं साहेबांच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्यांच्या खात्यात, मुरलंय. इथून तिथून वेचत बसलो तरी काहीतरी मागे राहणारच. त्यांचे नमुने मी बाजूला काढून ठेवतो, एकही जाणार नाही. मग हे प्रोफाइल पूर्ण पुसू आणि नवीन करू. पण पुसलं की ही हाक परत येणार नाही. चालेल ना?"

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. त्या तिच्यात नीट, पूर्ण बसल्या. पडद्यावर 'प्रोफाइल पुसायचं का?' असं विचारणारी खिडकी आली होती. काकूंनी तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचलं. "मी दाबते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दाबलं.

"आता नव्या प्रोफाइलला नाव काय देऊ?" दुरुस्तीवाल्यांनी विचारलं.

"'आई' लिही गं," काकू मुलीला म्हणाल्या.

"आई मी म्हणते तुला," मुलगी म्हणाली. "हे तुझं आहे."

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या खोलीत बसून होतो. अगं, अहो, आई, काकू, मावशी, सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी काकूंनी एक नाव सांगितलं, इतकं हळू की दुरुस्तीवाल्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी ते स्वतःच एकेक कळ दाबून लिहिलं. तेव्हा कुठे मला कळलं की ही बाई कोण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला सुरू केलं, ब्राउझर उघडला आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या. मला माहीत होतं त्या कशाची वाट बघत आहेत. पान कोरं होतं. मी गप्प होतो. गप्प बसणं मला आयुष्यात इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी वाहू दिलं. मग त्यांनी चौकटी उघडल्या आणि पहिला टाका निळा रंगवला. थंडीचे नमुने वेळेवर गेले. त्यांच्याखाली काकूंचं नाव छापलं होतं.

आता मी आणखी म्हातारा झालो आहे. तुम्हाला एवढंच सांगतो. आमच्या खिडक्या काही विचारतात तेव्हा वाचल्याशिवाय 'पुढे' दाबू नका. आत आलेलं सहजासहजी बाहेर जात नाही. आणि घरातलं कोणी कायमचं गेलं, तर थोडा वेळ काढून आमच्याकडेही या आणि त्यांचं नाव हलक्या हाताने काढून घ्या. आम्हाला कोणी सांगितल्याशिवाय काही कळत नाही. आम्ही आपले रोज सकाळी त्यांना हाक मारत राहतो.