सुंभाची पायवाट

कडुनिंबाचं फूल पडताना आवाज होत नाही, असं सगळे म्हणतात; पण अक्काच्या मांडीवर पडलं की होतो. तिच्या हातातली क्रोशाची सुई क्षणभर थांबते, काचेच्या बांगड्या एकमेकींवर टेकून गप्प होतात, आणि त्या थांबण्यालाच मी फुलाचा आवाज म्हणते. फाल्गुन सरत आलेला असतो, दुपारचं ऊन अंगणात दमून बसलेलं असतं, समुद्रावरचा वारा अजून अड्यारच्या गल्ल्यांत शिरायचा असतो. आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली माझी नणंद दोऱ्यात अडकलेलं ते इवलंसं, मधाच्या वासाचं फूल चिमटीनं सोडवते, नाकाशी नेते आणि शेजारच्या वाटीत टाकते. रसममध्ये वाळवून घालायच्या फुलांची वर्षभराची बेगमी आमच्याकडे अशी एकेका फुलानं होते.

चेन्नईला वसंत येतो तो ऋतुराज वगैरे म्हणून येत नाही. बदली होऊन आलेल्या कारकुनासारखा येतो: घामेजलेला, काखेत छत्री, आल्या आल्या पंखा कुठं आहे म्हणून विचारणारा. मी साताऱ्याची. पळस पेटल्याशिवाय वसंत आला असं मानायची मला सवय नव्हती, त्यामुळे लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिली काही वर्षं तो माझ्या समोरून जाई आणि मला ओळखूच येत नसे. तो मला अक्कानं दाखवला, आणि तोही डोळ्यांना नव्हे. रात्रीच्या पाण्यानं सकाळी फुगलेल्या मातीचा वास, मोगऱ्याच्या कळीचं दुपारचं घट्ट मिटलेपण बोटांना कसं लागतं, कोकीळ भर उन्हात ओरडून ओरडून घसा बसवून घेतो तो शेवटचा चिरका सूर, या तिच्या खुणा. त्या वेळी तिचे डोळे चांगले होते. तरीही ती ऋतू असा चाचपूनच ओळखायची, जणू पुढचं काही तिला आधीच ठाऊक होतं.

अक्का म्हणजे अंबुजा, माझे यजमान सेतुराव यांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. वडिलांनी बांधलेल्या या बैठ्या घरात ती आधीपासून होती आणि मी मागून आले. घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी ही मंडळी मराठी घेऊन दक्षिणेत उतरली आणि ती भाषा त्यांनी लोणच्यासारखी मुरवत ठेवली. पहिल्या दिवशी मी तिला रीतसर 'वन्सं' म्हटलं, तर तिनं चष्म्यावरून पाहिलं. "तें कोण गे? अक्का म्हण. रस्त्यावरचा इस्त्रीवालाही अक्काच म्हणतो." वाक्याच्या शेवटी तिचा सूर तमिळ चालीनं असा वर चढतो, की नुसतं 'जेव' म्हटलं तरी आपण खरंच जेवावं की नाही, असा विचार पडतो.

मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवून ती निवृत्त झाली, पण हात निवृत्त झाले नाहीत. आता, या शहरात विणलेल्या वस्त्राची मानवी देहाला मुळीच गरज नाही. तेव्हा अक्कानं वस्तूंना कपडे घातले. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या कॅनला असा घोळदार झगा की पाहुण्यांना वाटावं, हा कॅन आता नाचायला उभा राहणार. गॅसच्या सिलिंडरला परकर आहे. मी एकदा म्हटलं, "अक्का, सिलिंडर बदलायला येणारा माणूस लाजतो हो." ती टाका न चुकवता म्हणाली, "लाजूं दे. इतकी वर्षें मी लाजत होतें." आणि दोऱ्याच्या टोपलीत झोपलेल्या रुक्कू मांजरीनं एक डोळा उघडून मला पाहिलं; घरात शहाणी कोण, हे तिला माहीत होतं.

क्रोशाचा रुमाल मध्यातून सुरू होतो. एक लहानसा गोल, मग त्याभोवती दुसरा, मग पाकळ्या, मग कड. विणणारी जसजशी पुढं जाते तसतसा तो बाहेर उमलत जातो. अक्काची नजर नेमकी याच्या उलट निघाली. काचबिंदूनं ती कडांकडून उसवत आत येऊ लागली. समोरचा टाका तिला स्वच्छ दिसे, पण मांडीशेजारची कात्री दिसत नसे. माझं नाक दिसे, पण त्याच चेहऱ्याचे कान तिच्या हिशेबी नव्हते. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. अक्कानं मान हलवली, जसं काही तिला बाजारातून काय आणायचं ते सांगितलं होतं.

त्याच सुमारास मणी आंधळा झाला. तमिळनाडूतल्या दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणी असतं, आणि आमचाही त्यातलाच एक: ताकाच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडका, जन्मभर दहीभात खाऊन तृप्त झालेला. त्याच्या डोळ्यांत आधी निळसर धुकं आलं, मग ते तिथंच राहिलं. अंगणाच्या टोकाच्या कडुनिंबाखाली दुपारभर पडून राहणं हे त्याचं आयुष्यभराचं काम होतं; तो ते करेनासा झाला. उंबऱ्यावर हनुवटी टेकवून बसायचा आणि वाऱ्यातून जेवढी बाग नाकाशी येईल तेवढ्यावर भागवायचा. त्याच्याकडे पाहून मला फार थकवा येई. घरात थकलेल्यांची काही वाण नव्हती: सेतुराव पहाटे कंपनीच्या बसनं इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जात आणि रात्री असे परतत, की त्यांना बुटांतून काढावं की बुटांना त्यांच्यातून, असा प्रश्न पडे.

मग अक्का व्हरांड्याच्या पायरीवरून पडली. मनगट मुरगळलं, चष्म्याची काडी तुटली, एवढंच. पण सेतुरावांच्या मनात एक बेत कधीपासून होता, त्याला या पडण्यानं तोंड फुटलं. कारखान्याच्या वाटेवर नवीन इमारती झाल्या होत्या. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. "अक्का, तिथें लिफ्ट आहे. पायरी म्हणून नाहीच," ते जेवताना म्हणाले. मग ताटाकडे पाहत म्हणाले, "कुत्रें-मांजर मात्र घेत नाहींत ते." अक्कानं त्यांना भात वाढला, म्हणजे त्यांच्या ताटाच्या थोडा डावीकडे वाढला, आणि विचारलं, "निंब घेतात?"

तेवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, की हे घर ठेवायचं की सोडायचं याचा निकाल आता त्या दहा-पंधरा पावलांच्या अंगणात लागायचा आहे.

दुसऱ्या दिवशी अक्कानं दोरवाल्याकडून काथ्याच्या मोळ्या मागवल्या. समुद्रावरचा वारा आला की ती पायरीवर बसे, टोक खिडकीच्या गजाला बांधी आणि सुंभाची जाड तिपेडी वेणी घालू लागे. ओल्या काथ्याचा वास, जुन्या विहिरीसारखा, घरभर पसरे. बोटांना चिरा पडत, मनगट ठणके. ती मध्येच हात मांडीवर पालथे टाकून डोळे मिटे, आणि मला वाटे, संपलं. पण पुन्हा बांगड्या वाजत. वेण्या शेजारी शेजारी ठेवून ती दाभणानं शिवी, तशी पायरीपासून निंबापर्यंत वीतभर रुंदीची एक पट्टी सरकत निघाली. पायरी संपते तिथं तिनं एक मोठी गाठ घातली. तुळशीपाशी वळायचं तिथं दोन. आणि गाठींना दहीभाताचं पाणी चोळलं, कारण मणीच्या पंजांपेक्षा त्याच्या नाकाची अक्कल जास्त, असं तिचं मत. रुक्कूची समजूत अशी झाली, की ही एवढी लांब सोय तिच्या नखांसाठी चालली आहे. तिनं ती आनंदानं स्वीकारली.

"अक्का, ही वाट नक्की कुणासाठी हो?" मी खोडसाळपणे विचारलं.

"मणीसाठीं," ती म्हणाली. मग सुंभाला एक पीळ देऊन, "त्याला कुठें दिसतें मी चालतें कशी? कुणाला सांगणार नाही तो."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, हे आम्ही शाळेत लिहून काढलं होतं. तो पीळ कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मणी शिकला. आधी एक पाय, मग वास, मग दुसरा पाय. तुळशीपाशी दोन गाठींवर थांबून धाप टाकायचा, शेपटीनं काहीतरी हिशेब करायचा आणि वळायचा. त्याच्या मागून अक्का, अनवाणी, हातात दहीभाताची वाटी. दोघांची चाल इतकी सावकाश, की पालखी निघाल्यासारखं वाटे. फक्त पालखीत कोण आहे ते कळत नसे.

पाडवा आला. सेतुरावांना सुट्टी. दमलेला माणूस सुट्टीच्या दिवशी झोपतो, पण अपराधी वाटणारा दमलेला माणूस साफसफाई करतो. त्यांनी नळीनं अंगण धुतलं. धुताना त्यांचा पाय त्या पट्टीत अडकला, आणि त्यांना वाटलं, हे तर पाडणारच एखाद्या दिवशी अक्काला. त्यांनी पट्टी ओढून काढली, गुंडाळली आणि गच्चीवर नेऊन टाकली. त्यांच्या मनात काळजीच होती.

संध्याकाळी वारा आला. मणी उठला, शेवटच्या पायरीच्या कडेशी आला, पंजा पुढं टाकला. तिथं नुसती ओली जमीन. त्यानं पंजा मागं घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागं घेतला. मागून वाटी घेऊन अक्का आली. तिनंही पाऊल पुढं केलं, अंगठ्यानं गाठ चाचपली, आणि ती सापडली नाही तेव्हा तेही पाऊल तसंच मागं घेतलं. शेवटच्या पायरीवर दोघं उभी राहिली. समोर बाग होती, मोगरा नुकता उमलू लागला होता, निंब फुलांचा सडा टाकत होता; आणि ती दोघं काठावर उभी होती, जसं कुणी नदीला पूर आला म्हणून थांबावं.

सेतुराव झाडांना पाणी घालता घालता नळी हातात धरून पाहत होते. पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं.

अक्का रागावली असती तर बरं झालं असतं. ती पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं वळली आणि म्हणाली, "सेतू, सुंभ वाळत टाकलास कां? बरें केलेंस. ओलें राहिलें तर कुजतें."

ते गच्चीवर गेले, गुंडाळी खांद्यावर टाकून आले. ओढाताणीत शिवण उसवली होती, एक वेणी निम्मी सुटली होती. त्यांनी ती पायरीवर ठेवली आणि शेजारी बसले, शाळेत काहीतरी फोडून आलेल्या मुलासारखे. अक्कानं सुटलेली टोकं चाचपली. "पाय दे," ती म्हणाली.

मला काही कळेना; पण त्यांना कळलं. त्यांनी पाय लांब केला, तिनं सुंभाचं टोक त्यांच्या अंगठ्याला बांधलं आणि ताणून धरून वेणी घालू लागली. लहानपणी तंजावरच्या घरी तिच्या साऱ्या दोऱ्या याच अंगठ्याला बांधून वळल्या गेल्या होत्या. हलला तर चापट बसे.

"आतां अंगठा केवढा झाला गे याचा," ती मला म्हणाली. "कंपनीचें वंगण लागतें वाटतें."

"हलूं नको म्हणशील, म्हणून हललों नाही अजून," सेतुराव म्हणाले. थोड्या वेळानं, दुसरीकडं पाहत, "बसमध्यें झोपायचेंच तर इथून काय, तिथून काय."

अक्कानं सुंभ जरा जास्तच ताणला. बाकी त्या फ्लॅटचं नाव या घरात पुन्हा निघालं नाही. मणी पट्टीच्या उरलेल्या टोकावर पसरला, रुक्कू त्याच्यावर. आणि माझे यजमान, अंगठा बहिणीच्या ताब्यात देऊन, भिंतीला टेकून बसल्या बसल्या घोरू लागले. अक्कानं वेणी संपवली तरी गाठ सोडली नाही. "निजूं दे," ती म्हणाली. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.

मणी त्या पावसाळ्याच्या तोंडावर गेला. इथला पाऊस दिवाळीला येतो. त्याच्या आधीच्या एका कोरड्या दुपारी, निंबाखाली, आपल्या जागी. तिथंच त्याला ठेवला.

आता पुन्हा फाल्गुन सरतो आहे. अक्काच्या नजरेचा रुमाल मधल्या पहिल्या गोलापर्यंत उसवत आला आहे. ती त्यातून एका वेळी एकच टाका पाहते आणि पुढचा बोटांवर सोडून देते. सुंभाची पट्टी मातीत रुतली आहे, पिळांच्या खोबणींत निंबाची फुलं भरली आहेत. वारा आला की अक्का सुई खाली ठेवते, पायरी उतरते, गाठ अंगठ्याला लागू देते आणि चालू लागते. तुळशीपाशी, दोन गाठींवर, ती थांबते. तिला धाप लागलेली नसते, तिथं अडखळण्यासारखंही काही नाही. पुढं चालणाऱ्या कुणीतरी श्वास घेऊन वळावं, एवढा वेळ ती तिथं उभी राहते. आणि मला वाटतं, गेलेल्यांसाठी काळ थांबत नाही हे खरं असेल, पण आमच्या अंगणात त्याला त्या दोन गाठींवर रोज थोडं थांबावं लागतं.