मामांच्या सात चाचण्या

अट नीलकंठमामांनीच घातली होती. "माझ्या चाचण्या खोट्या ठरव आणि स्वानंदला खुशाल घेऊन जा. नाही ठरल्या, तर तो कानपूरला जाईल, आणि तू पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाहीस." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

स्वानंद त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून थोडा लहान. सहा वर्षांचा असताना मामांच्याच चाचण्यांत मंदबुद्धी ठरला, तो आता चाळिशी आली तरी मंदबुद्धीच. प्रेमलामामी गेल्यापासून झाशीत ओरछा गेटजवळच्या घरात बापलेक दोघंच राहतात. आता मामांचं हृदय थकलं, म्हणून त्यांनी कानपूरकडच्या एका संस्थेत त्याची जागा ठरवली. अशा माणसांना जन्मभर ठेवून घेणारी संस्था. मी जाऊन बघून आले. खोल्यांच्या कड्या बाहेरून होत्या.

मी म्हटलं, तो माझ्याकडे राहील. सीपरी बाजारात माझं स्वतःचं घर आहे, आणि माझ्या लेकीला, जाईला, सायकल त्यानेच शिकवली. मामांच्या गोळ्या रोज तोच देतो. एकदा औषधवाल्याने भलतीच गोळी दिली, ती या मंदबुद्धीने ओळखली आणि दुकानात जाऊन बदलून आणली.

"ती सवय झाली, बुद्धी नव्हे," मामा म्हणाले. "बुद्धी मोजावी लागते, देविका."

मोजण्यातच त्यांचा जन्म गेला. मुलांची बुद्धी मोजायला त्यांनी सात चाचण्यांचा हिंदी संच बनवला होता. आमच्या भागात कित्येक वर्षं तोच चालला, अजूनही कुठे कुठे चालतो. मी मानसशास्त्र शिकवते तीही त्यांचीच कृपा. घटक विश्लेषण त्यांनी मला आलेखाच्या कागदावर, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन शिकवलं. नाव मोठं, पण गोष्ट सोपी आहे. पुष्कळ मुलांना पुष्कळ चाचण्या द्यायच्या आणि कोणत्या चाचण्यांचे गुण एकत्र चढतात-उतरतात ते बघायचं. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं यावरून कोणाचं कोणाशी सूत आहे ते कळतं, तसंच. ज्या चाचण्या सारख्या एकमेकींना धरून बसतात, त्यांच्या मागे काहीतरी एक असतं. त्याला घटक म्हणायचं. आपल्या सातही चाचण्यांच्या मागे एकच घटक आहे आणि तो म्हणजे बुद्धी, असा मामांचा दावा होता.

मी दुसरा, नवा संच घेतला. त्यात शब्दच नाहीत. आकृत्या, ठोकळे, वाटा शोधणं, आणि सूचनासुद्धा खुणांनी. दोन्ही संच एकाच मुलांना दिले. काही मुलं झाशीतली, काही बेतवाकाठच्या एरच गावातली. जोडीला मी हिंदी शब्दार्थांची एक छोटी चाचणीही दिली. दोन्ही संच बुद्धीच मोजत असतील, तर सगळे एका पंगतीत बसायला हवे होते.

ते बसले नाहीत. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी मामांकडे गेले. स्वानंदने चहा आणून ठेवला आणि तो आत भांडी घासायला गेला.

मामांनी चष्मा लावून आकडे वाचले. "अक्ष फिरवलेस?"

"फिरवले." पंगती स्पष्ट दिसाव्यात म्हणून आलेखाचे अक्ष फिरवून बघायचे असतात.

"पुन्हा फिरव. दोन घटक काटकोनातच राहायला हवेत असं नाही. जरा मोकळे सोड."

दोन घटकांचा एकमेकांशी थोडा संबंध असू शकतो असं धरून मी त्यांच्यासमोर पुन्हा केलं. पंगती त्याच राहिल्या. एकीकडे नवा संच. दुसरीकडे मामांच्या सातही चाचण्या, आणि त्यांच्यात सर्वात वरच्या पाटावर माझी हिंदी शब्दार्थांची चाचणी.

"ठोकळ्यांचीसुद्धा इकडेच?" मामांनी विचारलं. "तिच्यात तर मुलाने नुसते ठोकळे लावायचे असतात."

"तिची सूचना काय आहे?"

ती त्यांना पाठ होती. "'प्रदत्त आकृति के अनुरूप घनों को यथाशीघ्र व्यवस्थित कीजिए.'"

"मामा, एरचचं पोर घरी बुंदेली बोलतं. प्रदत्त म्हणजे काय, हे त्याला कळणार कसं? नव्या संचात तीच मुलं शहरातल्या मुलांच्या बरोबरीने आहेत. तुम्ही बुद्धी नाही मोजलीत. हिंदी मोजलीत."

एवढं बोलले की मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. म्हातारा माणूस चष्मा पुसत बसला होता. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो!

"खेड्यातल्या मुलांचं मान्य," ते म्हणाले. "स्वानंद ओरछा गेटचा आहे. आणि हे गणित पुष्कळ मुलांबद्दल बोलतं. एका मुलाबद्दल ते काहीच सांगत नाही. मी शिकवलंय तुला."

ते बरोबर होतं, म्हणून माझं डोकं आणखीच भडकलं. "मग एका मुलाचं तुम्ही सांगा. सहा वर्षांच्या स्वानंदला हिंदी येत होती का?"

आमच्या आजोळच्या घराण्यात एक रीत होती. मुंज होईपर्यंत मुलाशी उंबऱ्याच्या आत हिंदी बोलायची नाही. बाहेर हिंदी-बुंदेलीचा पूर, मराठी पुसली जाईल, म्हणून आधी मराठी पक्की करायची. आम्ही बाकीची भावंडं गल्लीत खेळून हिंदी उचलत होतो. स्वानंद सारखा आजारी, त्याला गल्लीत सोडतच नसत. आणि मामा तर असे कडक, की मामीच्या तोंडून 'जल्दी' निघालं तरी रागवायचे.

मामा आकड्यांकडे बघतच म्हणाले, "लिहिलं आहे तसंच वाचायचं असतं. एक शब्द बदलला की चाचणी बाद. पोटच्या पोराला सवलत दिली, असं कोणी म्हणायला नको होतं."

"तुम्ही हिंदीत विचारलंत."

"तो रडायला लागला. म्हणाला, बाबा, तुम्ही माझ्याशी असं काय बोलता? मी काही केलं का?" मामांनी लॅपटॉप मिटला. "मी पुढचा प्रश्न वाचला, देविका."

मला त्यांचा संताप आला, कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. त्या चाचणीनंतर स्वानंदला मंद मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे तो हिंदी शिकला. मोठा होऊन घरी परत येईपर्यंत दुसरं काही त्याला कोणी शिकवलंच नाही.

"स्वानंद," मामांनी हाक मारली. तो हात पुसत आला. "तुला कानपूरला जायचं नाही. तू देविकाताईकडे राहा. समजलं?"

त्याला आनंद होईल असं मी धरून चालले होते. त्याचा चेहरा उतरला.

"नहीं बाबा. ताई के यहाँ हमसे गलती हो जाएगी. जाई पढ़ती है, उसके दोस्त आते हैं. कानपुर ठीक है. वहाँ सब हमारे जैसे हैं, आप ही ने तो कहा था."

"मी चुकलो होतो रे."

स्वानंद हसला. लहान मुलाची समजूत काढावी तसा हसला. "आप कैसे चूकेंगे? आपने जाँचा था हमें."

मामांनी त्याचा हात धरून त्याला समोर बसवलं. पहिल्या चाचणीचा पहिला प्रश्न ते त्याला मराठीत विचारायला लागले. "नीट ऐक बाळा. मांजर, कुत्रा, गाय, खुर्ची. यातलं वेगळं काय?"

"हमसे नहीं होगा, बाबा."

"होईल. मांजर, कुत्रा, गाय, खुर्ची."

स्वानंदने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच आपला हात सोडवून घेतला. मामांच्या गोळीची वेळ झाली होती. तो पाणी आणायला आत गेला, तरी मामा समोरच्या रिकाम्या जागेला तोच प्रश्न विचारत होते.