गुडघे एलेउतेरिओचे

मांदा, म्हणजे नवस, बोलले मी, गुडघे मात्र एलेउतेरिओचे. ऑगस्टात माझा नवरा हृदयविकाराने इस्पितळात पडला होता, तेव्हा संत सेबास्तियानला म्हटलं, "याला वाचव. तुझ्या सणाला, वीस जानेवारीला, हा चौकापासून तुझ्या पायांपर्यंत गुडघ्यांवर येईल." स्वतःचे गुडघे मला सुचलेच नाहीत! आमच्या बायका सर्रास असंच बोलतात, घरातल्या कुणाच्या तरी अंगावर.

तो वाचला. डॉक्टरांनी मात्र उन्हात फिरायलासुद्धा बंदी घातली.

मी पाद्रीबाबांकडे धावले. "बाई, मांदा म्हणजे प्रेम," ते म्हणाले. "संत काही पोलीस नाही." त्यांना बोलायला काय जातंय! आमच्या गल्लीत मांदा म्हणजे दिलेला शब्द. ज्याचं नाव घेतलं त्यानेच तो पाळायचा, नाहीतर संत दिलेलं परत नेतो.

आणि हा हट्टी म्हातारा वीस तारखेला संताच्या रंगाचा पिवळा सदरा घालून तयार.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. भर दुपार, फरशी नुसती तापलेली. मी आणि आमची लेक निएवेस आळीपाळीने त्याच्यापुढे घोंगड्या अंथरत होतो. निम्म्या वाटेवर तो थांबला. ओठ निळे पडले होते.

"आई, बाबांना उठव!" निएवेस ओरडली. "मारतेस का त्यांना?"

उठवलं तर संत नेणार, नाही उठवलं तर ऊन. शेवटी मी घोंगडी फेकली आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिले.

"बास. ऊठ."

"बाजूला हो, म्हातारे."

"संताला काय सांगायचं ते मी सांगेन."

"तुझ्या संताचं मला काय पडलंय?" तो धापा टाकत म्हणाला. "मी कधी मानलाय त्याला? ऑगस्टपासून तू रात्रभर माझ्या नाकापुढे हात धरून बसतेस. हे उरकलं की झोपशील, म्हणून आलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसून त्याचा घामाने भिजलेला चेहरा धरला.

"ऊठ. मी झोपेन."

"नक्की?"

"आजपासून."

संताच्या वाटेवर, सगळ्यांदेखत, मी धडधडीत खोटं बोलले. त्याने माझा हात धरला आणि तो उठला.