अर्ध्या दिवसाची कवळी

सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी ती आपल्या शरीराची चौकशी करीत असे. सुरुवात मानेपासून, मग उजवा खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी अंगठा. अंगठा शेजारच्या बोटाला विनातक्रार टेकला, तर दिवस चांगला. आज तो टेकला. डाव्या कुशीवर वळून, आधी पाय खाली सोडून, एखादे जड कपाट हलवावे तितक्या बेताने तिने स्वतःला उठवले. तोवर नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी भरून खुर्चीच्या पाठीला लावून ठेवली होती. शेकता शेकता चहा झाला. हात डोक्यापर्यंत जात नसल्याने तिची वेणीही हल्ली तोच घालत असे. आणि शाळेत गणित शिकवणारा माणूस असल्यामुळे तिन्ही पेड काटेकोर सारखे घेत असे.

"जरा सैल घाला हो. डोळे ताणले जातायत माझे."

"बरंय की. तेवढ्याच सुरकुत्या गेल्या." शेवटाला रबर लावत त्याने विचारले, "आज मोठ्या बाई विचारणार ना? काय सांगणार आहेस?"

"बघू."

"तुझं 'बघू' म्हणजे 'हो'. इतकी वर्षं ओळखतोय मी त्याला."



दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका कार्यशाळेत ती दात बसवण्याचे काम करीत होती. मानेतून हातात उतरणाऱ्या कळेने तिला वर्षाहून अधिक काळ घरी बसवले. सगळ्या तपासण्या झाल्या. हाड मोडलेले नव्हते, नस तुटलेली नव्हती. दुखणे मात्र होते. शेवटी डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, हे पूर्णपणे जाणार नाही, याला सांभाळूनच कामाला लागा. सुरुवातीचे काही दिवस अर्धा दिवस काम करण्याची मुभा मिळाली होती. ती मुदत आज संपत होती.

खरी अडचण कार्यशाळेच्या एका दंडकाची होती: एक कवळी, एक हात. ज्याने पहिला दात मेणात रोवला त्यानेच शेवटची दाढ बसवायची, नाहीतर वरचा-खालचा चावा जुळत नाही, अशी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मालकिणीच्या, वडिलांपासून चालत आलेली समजूत. एक कवळी अख्खा दिवस खाई. साहजिकच अर्ध्या दिवसाच्या माणसाला कवळी मिळत नसे. रुजू झाल्यापासून तिच्या वाट्याला तुटक्या कवळ्यांची डागडुजी येत होती, आणि पूर्ण दिवस जमणार नसेल तर बाहेरच्या काउंटरवर दवाखान्यांतून येणाऱ्या साच्यांच्या डब्यांची पोच घ्यायला बसावे लागेल, हे बाईंनी गोड शब्दांत सुचवून ठेवले होते. तिथे तिला एकही दात हाताळायला मिळाला नसता.

"या वहिनी, या!" शेजारच्या टेबलावरून हाक आली. हा तिचा जुना सोबती. सकाळी सुरू झालेले तोंड संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत मिटत नसल्यामुळे सगळे त्याला रेडिओ म्हणत. ती मात्र भावोजी म्हणे. "तब्येत काय म्हणतेय?"

"एकदम झकास."

"मी तब्येत विचारली, जाहिरात नाही."

इतक्यात मोठ्या बाई स्वतः एक डबा घेऊन आल्या. डब्यात कुणाच्या तरी हिरड्यांचे प्लास्टरचे साचे होते आणि सोबत जुने छायाचित्र: गाणे शिकवणारी एक बाई मनापासून हसत होती, आणि तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट होती.

"यांना ती फट हवीय. नातवंडं म्हणतात, फटीशिवाय आजी ओळखूच येणार नाही. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटेना." बाईंनी डबा टेबलावर ठेवला. "संध्याकाळपर्यंत होईल ना? आणि सोमवारपासून पूर्ण दिवस धरू?"

"हो," ती म्हणाली. विचार करायच्या आत म्हणून बसली.

तिने ज्योत पेटवली. मेण मऊ झाले, आणि पाठोपाठ तिच्या मनातलेही काहीतरी सैलावले. पुढचे सहा दात तिने एकेक करून रोवले. एकाला किंचित तिरके केले, एकाची कड घासली, कारण इतकी वर्षे गाणाऱ्या, हसणाऱ्या तोंडात कोरे करकरीत दात शोभले नसते. फट मात्र तीनदा बसवली, तीनदा मोडली. चौथ्यांदा ती नेमकी छायाचित्रातल्यासारखी जमली.

रेडिओने मान लांबवून पाहिले. "अहो, ही बाई आता बोलेल की!"

"तुम्ही बोलू दिलंत तर."

तिने हसत हसत दाढांच्या खोक्याकडे हात नेला, आणि मानेपासून अंगठ्यापर्यंत एक कळ सरकन उतरली. हातातली मेणाची सुरी पडली नाही. पण खाली ठेवायला तिला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

संध्याकाळपर्यंत रेटता आले असते. कठीण होते ते हेच, की आले असते. मग उद्या अंथरूण, परवाही अंथरूण, आणि सोमवारी पुन्हा "एकदम झकास". रजेआधीचे कित्येक महिने तिने असेच काढले होते, आणि एक दिवस दाराची कडीसुद्धा काढता येईना. ती जागेवरून उठली आणि बाईंच्या खोलीत गेली.

"मघाशी मी हो म्हटलं, ते चुकलं. पूर्ण दिवस मला जमणार नाही. सोमवारपासून नाही, आणि पुढच्या वर्षीही बहुधा नाही."

"अहो, पण रोज तर झकास म्हणता!"

"ते तोंडदेखलं. दुखतं, बाई. रोज दुखतं. पण अर्धा दिवस मी चोख काम करते. पुढचे दात झालेत. दाढा भावोजी बसवतील."

बाईंनी चष्मा काढला. "एका कवळीला दोन हात? बाबांनी घरातच घेतलं नसतं मला."

"दाढा त्यांच्या माझ्यापेक्षा चांगल्या बसतात, तुम्हालाही ठाऊक आहे. चेहरा माझ्याकडे, चावणं त्यांच्याकडे."

"आणि चावा बिघडून परत आली तर?"

"तर मी काउंटरवर बसेन. एक शब्द बोलणार नाही."

बाईंनी चष्म्याची काच पदराने पुसली. "त्यांना विचारलंत का?"

"विचारलं असतं तर उत्तर अजून चालू असतं."

बाईंना हसू आवरले नाही. "द्या मग. ही एक बघू."

तिने कवळी उचलून रेडिओसमोर ठेवली आणि दोन वाक्यांत सगळे सांगितले.

"म्हणजे मला उष्टं खायला घालताय?"

"उष्टं नाही, वाढलेलं ताट आहे."

"वा! फट छान जमली म्हणून तुमचं कौतुक, आणि चावा चुकला तर मी गाढव!" कुरकुरत त्याने कवळी दिव्याखाली फिरवली. फिरवता फिरवता पुढे सरकून बसला. "खालच्या दाढा मी जरा आत घेतो. चालेल?"

तिच्या मनात त्या बाहेरच होत्या. बोटही तिकडे वळले होते. तिने ते मागे घेतले.

"दाढा तुमच्या, भावोजी. तुम्ही ठरवा."

तिने आपली ज्योत बंद केली, मेणाच्या सुऱ्या पुसून जागच्या जागी ठेवल्या आणि ॲप्रन काढला. रेडिओ आता त्या गाणाऱ्या बाईंशीच बोलू लागला होता. बाहेर टळटळीत दुपार होती. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला, आणि कोणी पाहते आहे का, हे पाहिले नाही.