फ्रीजमधली सवत

नुरिसने तिला पहिल्या दिवसापासून सवतच म्हटलं. होती साधी वजन उतरवायच्या इंजेक्शनची पेन, बसायची फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात. पण लिबार्दो तिला असा जपायचा, की बघणाऱ्या बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हावा. दर गुरुवारी संध्याकाळी टॅक्सी दारात लावायची, आंघोळ करायची, पावडर लावायची आणि शर्ट वर करून खुर्चीत बसायचं.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका वेळ आंघोळ केली नव्हतीस," नुरिस म्हणायची.

तो हसायचा, पोटाची चिमूट धरायचा आणि सुई टोचायचा. त्यात हसण्यासारखं काय होतं मेलं, ते तिला कधी कळलं नाही.

लिबार्दो भाळला तो नुरिसच्या हातच्या चवीवर, हे सगळ्या बारिओ आबाहो वस्तीला ठाऊक होतं. तिच्या आईच्या गाड्यावर अंडं भरलेल्या, तळलेल्या मक्याच्या आरेपा खायला तो यायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. लग्नानंतर रविवारी ती तुरीच्या ओल्या दाण्यांचं, खारवलेल्या मांसाचं, पिकलं केळं घातलेलं सांकोचो कालवण करायची, आणि तो पातेल्याचा तळ दिसेपर्यंत जेवायचा. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. ते रिकामं पातेलंच तिला पुरायचं. आता वाटीभर खाल्लं न खाल्लं, की चमचा खाली.

"बास, नुरी. पोट भरलं."

हे ऐकलं की ती जळायची. पूर्वी झोपेत त्याचा श्वास अडकायचा आणि ती घाबरून त्याला हलवून जागं करायची. आता तो लेकरासारखा झोपत होता. हेही तिला दिसत होतं. पण दिसलं म्हणून जळणं थांबतं थोडंच!

एकदा तीही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. "डॉक्टरीणबाई, वजन तर उतरलं. मग हे टोचणं बंद कधी?"

"बंद कशाला करायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रेशर उतरलं म्हणून प्रेशरची गोळी सोडतो का आपण? हे लांब पल्ल्याचं औषध आहे. सोडलं की भूक परत येते आणि भुकेमागोमाग वजन."

म्हणजे ही बया पाहुणी नव्हती, कायमची राहायला आली होती.

त्याच आठवड्यात रविवारी लिबार्दोने अर्धी वाटी तशीच ठेवली आणि बहिणीच्या दारात कार्निवलच्या तालमीला नाचायला गेला. हा माणूस पूर्वी खुर्चीतून उठताना दोनदा दम घ्यायचा! गल्लीतल्या बायका टाळ्या पिटत होत्या. त्याची बहीण दिलिया मुद्दाम ओरडून म्हणाली, "वहिनी, आता माझ्या भावाला जाड्या म्हणू नकोस हो. नाहीतर दुसरी कोणी चांगल्या नावाने हाक मारेल."

सगळ्या हसल्या. नुरिसही हसली, आणि आतून पेटली.

सोमवारी तो टॅक्सी घेऊन गेल्यावर तिने पेन उचलली आणि वरच्या खणात, बर्फाच्या पिशव्यांखाली खुपसली. औषधवाल्याने बजावून सांगितलं होतं, थंड ठेवा पण गोठवू नका, एकदा गोठली की टाकून द्या. ते आठवलं म्हणूनच तर खुपसली. दुपारी दगड झालेली पेन बाहेर काढली, पाणी सुटेपर्यंत ठेवली, पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

पुढचे दोन-तीन गुरुवार त्याने तेच टोचून घेतलं. भूक आधी चोरपावलांनी आली, मग धाडधाड. तो दुसरी वाटी मागू लागला, तिसरी मागू लागला. नुरिस वाढत होती आणि गुणगुणत होती. जिंकली होती ती.

मग एका रविवारी, तिसरी वाटी पुढ्यात असताना, लिबार्दोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईच्या मयतीलाही रडला नव्हता हा माणूस.

"काय रे, काय झालं?"

"औषध चालेनासं झालंय माझ्यावर. डॉक्टरीणबाईंकडे जायची लाज वाटते. त्यांचं काही चुकलेलं नाही. माझ्यातच खोट आहे."

"खोट कसली! भूक लागली तर जेव ना. माझ्या हातचं आवडतंय, हे काय वाईट झालं?"

"आवडतंय?" त्याने वाटीकडे पाहिलं. "नुरी, मला चव लागतच नाही गं. पूर्वीही लागत नव्हती. ती भूक अशी बोंबलते, की तोंडात काय आहे ते कळत नाही. मधले काही महिने ती गप्प होती, तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू मांस शिजवायच्या आधी जाळावर धरतेस. धुराचा वास येतो त्याला. आईने शिकवलं ना तुला?"

आईनेच शिकवलं होतं. सबंध संसारात हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. नुरिसच्या हातातला डाव तसाच राहिला. इतकी वर्षं ती नवऱ्याला नाही, त्याच्या भुकेला वाढत होती.

"खोट तुझ्यात नाही," ती म्हणाली. "ती पेन मी गोठवली. मुद्दाम."

लिबार्दो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, मोरीपाशी गेला, आपली वाटी स्वतः विसळली आणि टॅक्सी घेऊन निघून गेला.

गुरुवारी तो डॉक्टरीणबाईंना विचारून नवी पेन घेऊन आला. पण घरात शिरलाच नाही. दारातूनच म्हणाला, "चल माझ्याबरोबर." नुरिस निघाली. चार घरं ओलांडून तो दिलियाकडे गेला आणि पेनची डबी तिच्या हातात दिली.

"ही तुझ्या फ्रीजमध्ये राहू दे. टोचायला मी इथेच येत जाईन."

"का रे? तुमच्या फ्रीजला काय धाड भरलीय?"

"आमच्याकडे लाईट फार जाते," लिबार्दो म्हणाला.

दोन्ही घरं एकाच तारेवर होती. एकीची लाईट गेली की दुसरी अंधारात बसायची, हे त्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं? दिलियाने भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. नुरिसने मान खाली घातली. आता टोमणा येईल, म्हणून ती जीव मुठीत धरून वाट पाहत राहिली.

दिलियाने फ्रीज उघडला आणि दुधाच्या पिशव्या सरकवून जागा केली.