सोयरीक जमेपर्यंत

आळंदच्या अंकुशरावांकडे त्या दिवशी मुडबीची मंडळी सोजरला बघायला यायची होती. अंगण सारवून झालं होतं आणि सोजरची आई कलाबाई मोरीपाशी भिंत धरून उभी होती. तिच्या लघवीला मुंग्या लागतात, हे घराला वर्षभर ठाऊक होतं. आता फेसही येऊ लागला होता, पाणी ओतलं तरी तो लवकर जाईना. डॉक्टर अच्युतरावांनी सकाळची लघवी तपासायला मागितली होती.

"सोयरीक जमूस्तोर गप ऱ्हावा," अंकुशराव दबल्या आवाजात म्हणाले. "बाजारात कळलं की आईचा रोग लेकीत हाय म्हणतेल."

"आत्यालाबी असंच गप बसवलं हुतं," सोजर म्हणाली.

आत्याने सुजल्या तोंडाने लेकीवर अक्षता टाकल्या आणि मांडव उतरायच्या आत ती त्याच दुखण्याने गेली. अंकुशरावांना ते आठवत नव्हतं असं नाही. सख्ख्या बहिणीच्या मरणापेक्षा त्यांना चार लोकांची भीती मोठी होती.

सोजरने तेलाची बाटली उकळून धुतली, तीत आईची लघवी घेतली आणि पदराखाली धरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी तापवली, औषधाचा थेंब टाकला. नितळ लघवी नासलेल्या दुधासारखी झाली.

"साखरेच्या रोगानं मूत्रपिंडाला इजा व्हायलीय," डॉक्टर म्हणाले. "पण अजून सूज नाही. वेळेवर आलीस. पथ्य, औषध आजच सुरू करा."

ती परतली तेव्हा पाहुणे बसले होते.

"इहीणबाई भायेर कामून न्हाईत?" मुलाच्या आईने, वच्छलाबाईंनी विचारलं.

"कामानं दमलीय," अंकुशराव म्हणाले.

सोजरने हातातलं ताट खाली ठेवलं. "न्हाई. आईला साखरेचा रोग हाय, मूत्रपिंडाला लागलाय. आजपासून दवा चालू करायलोत."

मुलाचे वडील पागोटं सावरत उठले. वच्छलाबाई मात्र हात धुवायच्या निमित्ताने मोरीकडे गेल्या आणि त्यांनी सोजरला खुणेने बोलावलं. लुगडं जरा वर करून त्यांनी स्वतःच्या नडगीवर बोट दाबलं, तिथे खड्डा पडला. पायाच्या फुगलेल्या बोटांत जोडवी रुतली होती.

"मुंग्या मलाबी लागतेत. पोराचं लगीन व्हऊ दे म्हणून गप हाय," त्या कुजबुजल्या. "त्यो डॉक्टर आता बघंल का गं?"

सोजर नडगीवरच्या खड्ड्याकडे बघत राहिली. तो भरून येत नव्हता.

वाचकहो, तुमच्याही घरी एखादं लग्न ठरायचं असेल. घरच्या बाईला आज विचाराल, की अक्षता पडेपर्यंत थांबाल?